भात कापल्यावर मळ्यात जत्रा भरवायची तर

आमच्याकडे जत्रा म्हणजे देवळाची. म्हणून मुलांसाठी गाण्याबजावण्याचा आणि हातकामाचा एक दिवस मळ्यात भरवायचा असं मी म्हटलं, तेव्हा शेजारच्या आबांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, पण देव खंयचो?" देव नाही म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. आणि त्या दिवशी सकाळी सात वाजता गोणपाटं अंथरायला तेच पहिले हजर होते.

मी कुडाळ तालुक्यात 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर हा उद्योग सुरू केला, आता तीन वर्षं झाली. दुपारी अडीच ते रात्री साडेनऊ, साधारण तीनशे माणसं, त्यातली निम्मी बारा वर्षांखालची. इथून पुढे जे लिहितेय त्यातलं बरंचसं पहिल्या वर्षाच्या चुकांमधून आलंय. कुणाला आपल्या गावात असं काही करायचं असेल तर त्याच चुका पुन्हा करायची गरज नाही, तुमच्या वेगळ्या होतीलच.

तारीख

सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रांचा हंगाम लागतो. रोज कुठल्या ना कुठल्या गावात दशावतार, म्हणजे आमच्याकडचं पौराणिक लोकनाट्य, असतो. कलाकार, भजनी बुवा, स्पीकरवाला, खाजेवाला, सगळे तिकडे. तेव्हा आधी कलाकारांची डायरी बघायची आणि मग आपलं कॅलेंडर. मोठ्या जत्रांचं तर वेगळंच. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगावर ठरत नाही, देवीच्या कौलावर, म्हणजे देवीला विचारून मिळालेल्या उत्तरावर ठरते. मी पहिल्या वर्षी फेब्रुवारीतला एक रविवार हेरून दोनशे पत्रिका छापून मोकळी झाले, आणि नेमकी तीच तारीख तिकडे लागली. त्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलांनी वर्षभर चित्रं काढली.

आता मी 26 जानेवारीनंतरचा पहिला शनिवार धरते. त्याआधी शाळेतली मुलं कवायत आणि स्नेहसंमेलनात अडकलेली असतात, आणि फेब्रुवारी सरत आला की दुपारचं ऊन मुलांना सोसत नाही. शिवाय काजूचं काम सुरू झालं की गावात मदतीला माणूस मिळत नाही.

जागा मात्र दिवाळीआधीच ठरवावी लागते. का, तर भात कापलं की जमिनीतल्या ओलीवर लोक कुळीथ, चवळी टाकतात. एकदा कुळीथ उगवला की त्यावर तीनशे पावलं कोण फिरू देईल? आम्ही लागून असलेले तीन कुणगे (भाताचे वाफे) घेतो आणि त्यात जितका कुळीथ झाला असता त्याचे पैसे मालकाला आधीच देतो. फुकट जागा घेऊ नका. फुकट दिलेल्या जागेचे उपकार दर वर्षी वाढत जातात.

आमराईत सावली असते, म्हणून तिकडे भरवायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण जानेवारीत मोहोरावर फवारण्या चालू असतात. ज्या झाडाखाली आठवड्यापूर्वी औषध मारलंय तिथल्या मातीत दोन वर्षांचं पोर लोळवायचं नाही. उघडा मळा घ्या आणि सावलीसाठी झापांचा (विणलेल्या नारळाच्या झावळ्यांचा) माटव, म्हणजे मांडव घाला.

जमीन

भाताचे बुडखे वरून निरुपद्रवी दिसतात, पण वाळले की सुईसारखे टोचतात, आणि मुलं तर पहिल्या पाच मिनिटांत चपला भिरकावतात. आम्ही आठ दिवस आधी गुरं सोडतो, मग कोयत्याने उरलेले बुडखे जमिनीलगत छाटतो. मधोमध वीस बाय वीस फुटांचं खळं करून शेणाने सारवून घेतो. हेच आमचं रंगपीठ. पहिल्या वर्षी मी चार फूट उंच स्टेज भाड्याने आणलं होतं. झालं असं, की पोरं स्टेजखाली घुसली, मोठी माणसं खुर्च्या धरून बसली, आणि कारागीर कडेला एकटे माशा मारत राहिले. खळं जमिनीवर आलं तेव्हापासून बुवा, बाहुल्या, बुरूड आणि मुलं सगळी एकाच पातळीवर बसतात, आणि स्टेजच्या भाड्याचे साडेअकरा हजार वाचतात ते वेगळेच.

आदल्या दिवशी कुणग्यांभोवती एक फेरी मारा, आणि ती मान वर करून मारा. आमच्या कडेच्या सावरीच्या झाडावर दुसऱ्या वर्षी आग्या मोहोळ लटकलेलं होतं. चुलीचा धूर त्या दिशेला गेला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. आम्ही चूल दुसऱ्या टोकाला नेली. मग मान खाली घालून दुसरी फेरी: कठडा नसलेली विहीर, जुनी चिऱ्याची खाण, दगडी गडग्यातली (कुंपणातली) बिळं. विहिरीवर बांबूचे तट्टे टाकून भागत नाही, तिथे एक माणूस बसवावा लागतो, आणि तो असा हवा की ज्याला भजनाची आवड नाही.

कागदपत्रं

ग्रामपंचायतीचं पत्र, जागामालकाची लेखी संमती, पोलिस ठाण्यातून ध्वनिक्षेपकाची परवानगी. तिन्ही महिनाभर आधी मागायची. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, त्यांत रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, आणि निवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा. आम्ही दोनच छोटे स्पीकर लावतो, तेही निवेदन आणि दशावतारासाठी. पखवाजाला स्पीकर लागत नाही. वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवर घ्या, आणि वीजगळती झाली की आपोआप तुटणारा स्विच बसवलाय ना ते वायरमनकडून आपल्या डोळ्यांसमोर दाबून बघा. ओल्या मेरेवरून (बांधावरून) वायर नेऊ नका, बांबू पुरून डोक्याच्या वरून न्या.

कागदावर नसलेली चौथी परवानगी गावकर-मानकऱ्यांची. देव नसला तरी गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने केलेली विनवणी) घालूनच सुरुवात करायची. हे मी सुरुवातीला औपचारिकता म्हणून केलं होतं. पण गाऱ्हाणं घालणारे काका प्रत्येक ओळीला थांबले आणि शंभर पोरांनी बेंबीच्या देठापासून "व्हय म्हाराजा!" ओरडून दिलं. त्या दिवशीचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम तोच.

वेळापत्रक दव ठरवतं

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. जानेवारीत आमच्याकडे दिवसा घाम येतो आणि सूर्य कलला की मळ्यात दव उतरायला लागतं. साडेसातला खुर्चीवर हात ठेवला तर ओला. पहिल्या वर्षी मी चित्रकथी रात्री आठला ठेवली होती, वातावरण चांगलं म्हणून. चित्रकथी म्हणजे पिंगुळी गावच्या ठाकर समाजाची कला. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाच्या चित्रांची पोथी असते, आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर एकेक चित्र उलगडत गात गोष्ट सांगतात. कागदावरची चित्रं आणि वर पडणारं दव! कलाकाराने काही न बोलता पोथी धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि पुढची गोष्ट चित्रांशिवाय सांगितली. मी आजही त्यांच्यासमोर ओशाळते.

तेव्हापासून आमचा क्रम असा. कागदाचं ते उन्हात, म्हणजे चित्रकथी चार वाजता. कातड्याचं ते तिन्हीसांजेपर्यंत, म्हणजे पखवाज, घुमट (मातीच्या भांड्याचं चामडी वाद्य) आणि ढोलकी साडेसातच्या आत. आमचे भजनी बुवा म्हणतात, "दव पडाक लागला काय पखवाज रडतलो." शाईचं पान, म्हणजे काळ्या लेपाची बाजू, सुरातून उतरतं, डाव्या बाजूला लावलेली कणीक ओली पडते, आणि बुवा गाण्याऐवजी हातोडीने लाकडी गट्टे ठोकत बसतात. शेवटी ज्याची भिस्त मुख्यतः गळ्यावर ते, म्हणजे दशावतार.

चामड्याच्या बाहुल्यांची पंचाईत आहे. त्यांना पडद्यामागे दिवा आणि बाहेर अंधार लागतो, आणि अंधार पडला की दव आलंच. त्यांच्यासाठी तीन बाजूंनी बंद, वरून झापांचा माटव वेगळा करतो आणि सूर्य मावळला की लगेच, साधारण पावणेसातला, पाऊण तासाचा खेळ. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, त्यानंतर या बाहुल्यांचं नाव बाहेर झालं. पण आमच्याच वाडीतल्या कित्येक मुलांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या नव्हत्या. खेळ संपल्यावर पडद्यामागे न्यायला विसरू नका. पुढून पाहिलेला रावण मुलं विसरतात. पण हातभर काठीवरचं भोकं पाडलेलं ते रंगीत कातडं एकदा स्वतः दिव्यासमोर धरलं की नाही विसरत.

दशावतार गावात मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. मुलांसाठी दीड तासाचा प्रयोग मागा, आणि हे मागताना बिदागी कमी करू नका. वेळ कमी झाला म्हणून रंग कमी लागत नाही. एक गोष्ट आवर्जून करा. रंगभूषा बंद खोलीत नको, झाडाखाली कंदिलाच्या उजेडात करायला सांगा आणि मुलांना भोवती बसू द्या. समोरच्या पुरुषाची अर्ध्या तासात द्रौपदी होताना मुलं जितकी शांत बसतात तितकी माझ्या वर्गात कधी बसली नाहीत. दुसरा फायदा असा, की काळा संकासुर (दशावतारातला राक्षस) अंधारातून अचानक आला तर लहानगी किंचाळतात. ज्यांनी त्याला आधी चहा पिताना पाहिलंय ती किंचाळत नाहीत.

डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ठेवू नका. मला ती जीव की प्राण आहे, पण दोन बुवा एकमेकांना भिडले की घड्याळ कुणी बघत नाही. एकाच बुवांचं भजन ठेवा आणि गजर मुलांकडून म्हणून घ्या. टाळ मात्र मोजून द्या, मोजून परत घ्या.

कारागीर

नऊ जणांपेक्षा जास्त बोलावत नाही. गर्दी झाली की कारागीर फक्त विकतो, बनवत नाही. आणि बनवताना दिसलं नाही तर मग बाजारात आणि इथे फरक काय?

पैशाचा हिशेब सरळ ठेवा. मी सुरुवातीला "स्टॉल मोफत, विक्री तुमची" असं सांगितलं होतं आणि स्वतःला फार उदार समजत होते. संध्याकाळी बुरूड काकू (बांबूची सुपं विणणाऱ्या) म्हणाल्या, "बाई, पोरांक शिकवलंय आणि सुपा रवली तशीच." म्हणजे सुपं विकलीच गेली नाहीत. दिवसभर वीस मुलांच्या बोटांत पट्ट्या बसवणारी बाई गिऱ्हाईक कधी करणार? तेव्हापासून प्रत्येकाला दिवसाची मजुरी ठरवून देतो, जाण्या-येण्याचं भाडं वेगळं, विक्री त्यांची. शिवाय हातकामाला बसणाऱ्या प्रत्येक मुलामागे पन्नास रुपये, ते थेट कारागिराच्या डब्यात. ज्यांना परवडत नाही त्यांना आम्ही लाल मणी देतो. मणी आणि नोट कारागिराला सारखीच, संध्याकाळी मण्यांचे पैसे आम्ही भरतो. प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावायला लावतो. चिठ्ठी दिसली की मुंबईहून आलेली आमचीच माणसं निम्म्याने मागायची थांबतात. सगळी नाही.

मुलांना काय करायला द्यायचं हे कारागिराबरोबर आठवडाभर आधी बसून ठरवा. बांबूच्या पट्टीची धार ब्लेडसारखी असते, म्हणून घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्यांची छोटी चटईच फक्त. सावंतवाडीच्या चितार आळीत मिळतात तशी लाकडी फळं आणि खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची असतात. कातलेला कोरा भोवरा मुलाला रंगवायला द्यायचा, पण सुकायला दोन तास लागतात, म्हणून हे काम तीनच्या आधी. गंजिफा खेळायला शिकवू म्हटलं होतं, तो बेत फसला. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे बारा-बारा, असे 120 गोल पत्ते. नियम कळेपर्यंत पोरं पांगली. आता आम्ही फक्त अवतार ओळखायचा खेळ करतो, तो चालतो. मत्स्य आणि कूर्म सगळ्यांना येतात, वामनाला बरीच मुलं अडतात.

कुंभार आणि घुमटवाला यांना शेजारी बसवा. ही माझी सगळ्यात जमलेली कल्पना. घुमट म्हणजे मुळात दोन तोंडांचं मातीचं भांडं. एका तोंडाला चामडं, दुसरं हाताने उघडझाप करायला मोकळं. एकीकडे माती फिरते आहे, दुसरीकडे तीच भाजलेली माती घुमते आहे, हे पाहिल्यावर वेगळं काही शिकवावं लागत नाही. गोव्याने 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा झालं, आता बकऱ्याचं लावतात. कुणी जुनं घुमट अभिमानाने आणायचं म्हटलं तर आधी हे विचारून घ्या. आणि वाजवायला द्याल ते मुलाच्या गळ्यात अडकवू नका, मांडीवर द्या. आमच्याकडे एक फुटलं, त्याचे पैसे भरले, आणि वाजवणारं पोर तासभर विहिरीवरच्या माणसाजवळ जाऊन रडत बसलं.

मुलं हरवतात, आणि तेही मोठ्यांच्या समोर

फोन नंबर हातावर पेनने लिहिला तर घामाने जातो. आम्ही जुन्या साडीचे काठ फाडून पट्ट्या करतो, त्यावर नंबर लिहून मनगटाला बांधतो. प्रत्येक वाडीचा रंग वेगळा. निळ्या काठाचं पोर एकटं दिसलं की कुणीही खालच्या वाडीच्या घोळक्यात नेऊन सोडतो. हरवलेल्यांची जागा म्हणजे मोठा फणस, हे गाऱ्हाण्यानंतर लगेच तीनदा सांगायचं. तान्ह्या मुलांच्या आयांसाठी मांगराची (शेतावरच्या घराची) एक खोली, आत चटई, पंखा आणि दाराला कडी. हे पहिल्या वर्षी सुचलं नव्हतं, आणि ज्या पाच बाया चार वाजताच घरी गेल्या त्या का गेल्या हे मला महिनाभराने कळलं.

शौचालयं शाळेची उघडून घेतो आणि दोन फिरती मागवतो. पाणी बादलीत भरून ठेवायला एक माणूस ठेवा, स्वयंसेवक नको, मजुरीवरचा हवा. प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या आरोग्य केंद्रात आधी कळवणं, 108 ची गाडी आत येईल एवढी वाट मोकळी. पार्किंग एका वेगळ्या कुणग्यात. कार्यक्रम संपायची वेळ आपल्या सोयीने नव्हे, शेवटच्या एसटीच्या सोयीने ठरवा.

खाणं

मी यात फार पडत नाही. बचत गटाच्या बाया जे करतात ते उत्तम असतं: घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, रस-शिरवाळे, सोलकढी. एकच आग्रह धरते, लहान मुलांची उसळ तिखट घालण्याआधी बाजूला काढा. एका वर्षी बाहेरचा गाडीवाला बोलावला, त्याने सगळी गर्दी ओढली आणि बायांचं पीठ उरलं. पुन्हा नाही. ताटं पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या पानाच्या रुंद देठाची. प्लास्टिक-थर्मोकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहेच, पण मळ्यात खरं कारण गुरं.

मागच्या वर्षी सगळा खर्च 94 हजारांच्या आसपास गेला. त्यातले 61 हजार कलाकार आणि कारागिरांचे. हे प्रमाण उलटं व्हायला लागलं, म्हणजे माटव आणि फ्लेक्स माणसांपेक्षा महाग पडायला लागले, की समजायचं आपलं काहीतरी चुकतंय. पैसे गावातल्या वर्गणीतून आणि चाकरमान्यांकडून येतात. एका दुकानदाराने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती, अट एवढीच की खळ्याच्या मागे त्याचा वीस फुटी फ्लेक्स. द्रौपदीच्या डोक्यावर पाइपांची जाहिरात मला काही बघवली नसती.

दुसऱ्या दिवशी

सकाळी सातला दहा-पंधरा जण हवेत, आणि त्यांची नावं आदल्या आठवड्यात लिहून घेतलेली हवीत. कार्यक्रमानंतर कुणी स्वतःहून येत नाही. रांगेने चालत मणी, पिना, दोऱ्याचे तुकडे, फुग्यांची रबरं वेचायची, मगच गुरं सोडायची. कुळथाचे पैसे आधी दिले असतील तरी मालकाला बोलावून जमीन दाखवा. आणि गाड्यांनी जिथे जिथे मेर खचली असेल तिथे तिथे त्याच दिवशी माती ओढून ती बांधून द्या. जूनमध्ये पाणी नेमकं तिथूनच फुटतं, आणि मग भर पावसात लावणी करणाऱ्या माणसाच्या शिव्या जानेवारीच्या भजनाला पडतात.